साष्टीतला इंग्रज पुराणिक

सन १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात, २४ तारखेला, लिस्बनहून निघालेले जहाज साडेसहा महिन्यांच्या सागरप्रवासानंतर गोव्याला पोहोचले. त्यातून उतरलेल्या प्रवाशांत तिशीच्या वयाचा एक इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स हे त्याचे नाव. हिंदुस्थानात कायम वास्तव्यासाठी आलेला हा पहिला ज्ञात इंग्रज होय, असे मानले जाते. व्यापार, मुलूखगिरी वा नोकरी यांपैकी कशासाठीही तो आला नव्हता. आपली श्रद्धा दुसऱ्यास पटवून देणे हेच त्याच्या आयुष्याचे काम होते, आणि त्या कामासाठी पुढील चाळीस वर्षे तो गोव्यातच राहिला. मडगाव आणि राशोलच्या परिसरात त्याची हयात गेली आणि मराठीतील एका विशाल पुराणाचा कर्ता म्हणून त्याचे नाव मागे उरले.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बुश्टन या खेड्यात, १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडचे राज्य आणि रोमचे पोप यांच्यात उघड वैर होते. १५७० मध्ये पोपने राणी एलिझाबेथ हिला धर्मबहिष्कृत केले आणि त्यानंतर कॅथलिक पंथाशी निष्ठा ठेवणे म्हणजे राजद्रोहाच्या उंबरठ्यावर उभे राहणे असे होऊन बसले. दरबारी वैभव सोडून धर्मकार्याकडे वळलेला थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत गृहस्थ तरुण स्टीफन्स यांचा मित्र होता. स्टीफन्स त्याचा सेवक म्हणून वावरत आणि दोघेही वेषांतर करून, घराघरांत जाऊन, डळमळीत झालेल्या कॅथलिकांना धीर देत. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते. पण पाउंड पकडला गेला आणि पुढे त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये ते जेझुइट संघात उमेदवार म्हणून दाखल झाले.

या पूर्वायुष्याचे महत्त्व पुढे गोव्यात कळते. सत्तेने आपला धर्म गुन्हा ठरवला की माणसाच्या मनात काय उलथापालथ होते, हे स्टीफन्स यांनी स्वतः भोगले होते. हातात ना सैन्य, ना कायदा. केवळ संभाषण, विश्वास आणि युक्तिवाद एवढ्याच साधनांवर दोन मित्रांनी आपला पंथ टिकवण्याची धडपड केली होती. मन वळवणे ही दुर्बळाची विद्या असते. ती त्यांनी तरुणपणीच शिकून घेतली होती.

गोव्यात मात्र त्यांना अगदी उलटे चित्र दिसले. येथे त्यांचा धर्म राज्यकर्त्यांचा होता. १५६० मध्ये येथे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, स्थापना झाली होती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली होती. त्याच वर्षीच्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्मग्रंथांवर आणि सार्वजनिक विधींवर निर्बंध घातले होते. हिंदू रहिवाशांनी नेमलेल्या दिवशी प्रवचनाला हजर राहावे, असेही हुकूम निघाले होते. एका देशात ज्याच्या श्रद्धेवर राज्यसत्ता तुटून पडली होती, तोच माणूस दुसऱ्या देशात राज्यसत्तेच्या सावलीत त्या श्रद्धेचा प्रचार करणार होता. स्टीफन्स यांच्या चरित्रातील खरा पेच हाच आहे.

गोव्यात उतरल्यावर अवघ्या अडीच आठवड्यांत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्यांनी वडिलांना पत्र लिहून सारा प्रवास कळवला. केप ऑफ गुड होपचा वळसा, वारे, प्रवाहांची फसगत, समुद्रातील पक्षी आणि मासे, असे बारकाईने पाहिलेले तपशील त्या पत्रात आहेत. हॅक्लुट यांनी संपादित केलेल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते पत्र त्याच शतकात छापले गेले आणि पूर्वेच्या सागरी मार्गाविषयी इंग्लंडमध्ये कुतूहल वाढवणाऱ्या लेखनात त्याची गणना झाली. पुढच्या वर्षी स्टीफन्स यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि साष्टीत त्यांच्या कामाला सुरुवात झाली. साष्टीतील जेझुइट विद्यालयाचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले.

तेथे त्यांना फार काळ स्वस्थता लाभली नाही. १५८३ हे वर्ष दक्षिण साष्टीच्या स्मृतीतून अद्याप पुसले गेलेले नाही. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा या गावांनी पोर्तुगीजांना कर देण्याचे नाकारले होते. सैन्याने गावांवर चाल करून देवळे उद्ध्वस्त केली होती. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात चर्चसाठी जागा पाहण्यास कुंकळ्ळीला गेलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही माणसांना गावकऱ्यांनी ठार केले. मृतांत अकबराच्या दरबारात राहून आलेले रुदोल्फो अक्वाविवा हे होते. सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावांच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथे त्यांची हत्या केली. एका बाजूने त्या पाच धर्मगुरूंना हुतात्मे मानले गेले. दुसऱ्या बाजूने त्या गावप्रमुखांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. दोन्ही स्मृती एकाच मातीत आहेत.

मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांची शवे मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. या घटनेनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी पॅरिसमधील आपला भाऊ रिचर्ड याला एक पत्र लिहिले. येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, हे निरीक्षण त्यांनी त्या पत्रात नोंदवले. विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत व युरोपीय भाषांच्या नात्याविषयी प्रसिद्ध व्याख्यान दिले ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनशे तीन वर्षांनी. भोवती देवळांची राख आणि ताज्या कबरी असताना हा माणूस येथील लोकांच्या भाषेचे व्याकरण निरखत होता. त्याच्या पुढील आयुष्याची दिशा त्या निरीक्षणात दडलेली होती.

त्याच वर्षाअखेरीस आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती या इंग्रजांना होर्मुझ येथे हेर समजून पकडण्यात आले आणि कैदी म्हणून गोव्याला आणले गेले. ते प्रॉटेस्टंट देशातून आले होते आणि त्या देशात स्टीफन्स यांच्या पंथाचे लोक फासावर चढवले जात होते. तरीही स्टीफन्स यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली आणि जामिनावर ते बाहेर आले. पुढे फिच याने लिहिलेले प्रवासवर्णन इंग्रज व्यापाऱ्यांना पूर्वेकडे खेचून आणण्यास कारणीभूत ठरले.

यानंतरची तीन दशके स्टीफन्स यांनी साष्टीत काढली. दोन भाषा त्यांनी आत्मसात केल्या: घराघरांत बोलली जाणारी कोकणी आणि काव्याची, पुराणांची मराठी. साष्टीला मराठी ओवीची परंपरा नवीन नव्हती. केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्येच श्रीकृष्णचरित्र मराठी ओवीत रचले होते. जेझुइटांनी रामायण-महाभारतातील कथांची हस्तलिखिते मिळवून ती रोमन लिपीत उतरवून घेतली होती. तशी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. ज्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या, त्या पाद्र्यांनी अभ्यासल्या, हा त्या काळचा एक विपरीत योग म्हणावा लागेल. स्टीफन्स यांच्या ओव्यांतून ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेची जी ओळख जाणवते, ती अशा अभ्यासातून आणि साष्टीतील माणसांच्या सहवासातून आलेली होती.

बाप्तिस्मा झाला म्हणजे माणसाचे मन बदलले असे होत नाही, हे गोव्यातील मिशनऱ्यांना एव्हाना कळून चुकले होते. नव्या ख्रिस्ती कुटुंबांची नावे बदलली, देवघरे रिकामी झाली. पण संध्याकाळी पुराण ऐकण्याची त्यांची सवय कुठे जाणार? लहानपणापासून कानावर पडलेल्या कथा, ओवीची लय, कथेकऱ्याभोवती जमलेले शेजारीपाजारी हे सारे हुकमाने एका दिवसात नाहीसे झाले होते आणि त्या जागी पाठ करावयाची प्रश्नोत्तरे तेवढी आली होती. ही पोकळी स्टीफन्स यांनी अचूक ओळखली. त्यांच्या पुराणाच्या आरंभीच असा प्रसंग येतो की, धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण पुढे होतो आणि पाद्रीगुरूंना विनवतो. आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी ऐकण्या-वाचण्याजोगे दुसरे काही आम्हाला का देत नाही, असा त्याच्या विनवणीचा आशय आहे. त्यात तक्रार आहे, पण ती अदबीने केलेली आहे. त्या तक्रारीला उत्तर म्हणून पाद्रीगुरू कथा सांगू लागतात आणि ग्रंथ उभा राहतो.

हे पुराण १६१४ च्या सुमारास पूर्ण झाले आणि १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. आज ते ख्रिस्तपुराण या नावाने ओळखले जाते. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, येते. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र ५९ अवस्वरांत सांगितले आहे. एकूण ओव्या सुमारे ११,००० भरतात. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या तर मराठीच्या प्रत्येक वाङ्मयेतिहासात मानाने नमूद होतात. ज्या भाषेत त्यांचा जन्म झाला नव्हता, त्या भाषेवर त्यांनी मातृभाषेसारखे प्रेम केले.

श्रोत्याला पटवण्याची स्टीफन्स यांची रीत या ग्रंथाच्या घडणीतच दिसते. पहिली गोष्ट म्हणजे, त्यांनी श्रोत्याला बोलू दिले. कथेच्या ओघात श्रोते मध्येच थांबवतात, सृष्टी, पाप आणि मुक्ती यांविषयीच्या शंका विचारतात आणि पाद्रीगुरू त्यांना उत्तर देतात. शंका विचारणे हा तेथे अपराध ठरत नाही. कथा पुढे नेण्याचे ते एक निमित्त ठरते. भारतीय पुराणांत ऋषी प्रश्न विचारतात आणि सूत कथा सांगतात, तीच ही चौकट. धर्मन्यायालयात प्रश्न विचारणारा न्यायाधीश असे आणि उत्तर देणारा आरोपी. ख्रिस्तपुराणात प्रश्न श्रोता विचारतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी गुरूवर येते. एकाच काळात, एकाच प्रदेशात हे दोन संवाद चालू होते, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या चौकटीचे मोल कळते.

दुसरी गोष्ट शब्दांची. बायबलमधील कल्पनांसाठी त्यांनी वैकुंठ, मोक्ष, गुरू, परमेश्वर असे श्रोत्यांच्या ओठांवर रुळलेले शब्द निर्धास्तपणे वापरले. या शब्दांमागे शतकांची वेगळी श्रद्धा उभी होती आणि ती पूर्णपणे झटकून टाकता येणार नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. तरीही परक्या शब्दांत सांगितलेले सत्य परकेच राहते, हा धोका त्यांना अधिक मोठा वाटला. चर्चच्या विधींशी निगडित काही पोर्तुगीज शब्द छापील परंपरेत राहिले आहेत. देवनागरीतील हस्तलिखितात मात्र त्यांच्या जागी बहुतेक संस्कृत वळणाचे शब्द आढळतात.

तिसरी गोष्ट श्रोत्याच्या कुवतीची. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी आपली भाषिक निवड स्पष्ट केली आहे. जुन्या कवींची शुद्ध मराठी सामान्यांना कळत नाही, म्हणून अवघड शब्द टाळले आणि येथील बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे त्यांचे म्हणणे आहे. आपली विद्वत्ता दाखवण्यापेक्षा समोरच्याला कळणे त्यांनी महत्त्वाचे मानले. मराठी आणि कोकणी यांच्यावरून गोव्यात पुढे जे वाद झाले, त्यांची सावलीही त्यांच्या लेखनावर नाही. काव्यासाठी मराठी आणि शिकवणीसाठी कोकणी, असा दोन्हींचा सन्मान त्यांनी केला. कोकणीतील त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि व्याकरण, दियोगु रिबेरु यांनी भर घातलेल्या रूपात, १६४० मध्ये छापून आले. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर. कोकणीचे छापून आलेले हे पहिले व्याकरण होय.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ मध्ये त्यांनी रोममधील संघप्रमुख क्लाउदियो अक्वाविवा यांना पत्र लिहून येथील लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली. हे क्लाउदियो म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फो यांचे चुलते. गोव्यात १५५६ पासून मुद्रणयंत्र होते, पण देवनागरीचे खिळे पाडायचे तर जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे यांमुळे शेकडो साचे लागणार होते. ते काम झाले नाही. मराठीतील हे महापुराण रोमन लिपीतच छापले गेले.

स्टीफन्स यांचे मूल्यमापन करताना दोन सोपे मोह टाळावे लागतात. त्यांना भाषाप्रेमी संत मानून भोवतालच्या जुलमाकडे डोळेझाक करणे हा एक मोह. ते सत्तेविरुद्ध उभे राहिलेले बंडखोर नव्हते. त्यांचे श्रोते त्यांच्यासमोर जमले त्यामागे राज्याच्या हुकमांचा वाटा होता आणि जुनी पुराणे वर्ज्य झाली नसती, तर नव्या पुराणाची मागणीही आली नसती. जेथे नकार देण्याची मुभा नाही, तेथे होकार कितपत मनापासूनचा, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथाभोवती कायम राहतो. त्यांना सत्तेचे एक गोड बोलणारे साधन ठरवून मोकळे होणे हा दुसरा मोह. सत्तेला एवढ्या ओव्यांची गरज नव्हती. तिचे काम दोन ओळींच्या हुकमाने भागत होते. चाळीस वर्षे खपून, परक्या भाषेचे लेणे अंगावर घेऊन, श्रोत्याची शंका आधी मांडून मग उत्तर देणारा माणूस हुकमावर विसंबून नव्हता. जबरदस्तीने मन बदलत नाही, हे इंग्लंडमधून जीव वाचवून आलेल्या कॅथलिकाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरवरील मराठी पुराण गोव्यात छापले गेले. त्यात हिंदू देवदेवतांच्या कथांचे खंडन करण्यावर मोठा भर आहे. स्टीफन्स यांच्या ग्रंथातही मूर्तिपूजेवर टीका आहे, परंतु तेथे वादापेक्षा कथेला जागा अधिक आहे. या दोन पुराणांची तुलना केली की त्यांच्या रीतीचे वेगळेपण उठून दिसते.

१६१९ मध्ये, सत्तरीच्या सुमारास, स्टीफन्स यांचे गोव्यातच निधन झाले. मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत.

त्यांच्या पुराणाचे पुढे काय झाले, यात त्यांच्या आयुष्याचा निकाल दडलेला आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र १६८४ मध्ये व्हाइसरॉय कौंट द अल्वोर यांनी स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि लोकांना पोर्तुगीज शिकण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. ज्या भाषेतून स्टीफन्स यांनी लोकांच्या मनात शिरण्याची वाट शोधली, तीच भाषा संपवण्याचा घाट त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी घातला. सतराव्या शतकातील त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि लोकांच्या तोंडून. गोव्यातून कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला. टिपू सुलतानाच्या कैदेत श्रीरंगपट्टणला गेलेल्या मंगळुरी ख्रिस्त्यांना त्याच्या वाचनाने धीर दिला, अशी परंपरा सांगितली जाते. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे त्याची आवृत्ती काढली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला. लिपीविषयीची स्टीफन्स यांची इच्छा अशा रीतीने साडेतीन शतकांनंतर पुरी झाली.

१६८४ च्या हुकमाने कोकणी संपली नाही आणि मराठीही संपली नाही. आज पर्वरीत कोकणीच्या अभ्यासासाठी उभे असलेले केंद्र स्टीफन्स यांचे नाव धारण करते आणि मराठीचे अभ्यासक त्यांच्या ओव्या आपल्या मानतात. त्यात ख्रिस्ती आहेत, तसे हिंदूही आहेत. हुकूम काढणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव आता इतिहासाच्या पुस्तकांत शोधावे लागते. ब्राह्मण श्रोत्याच्या अदबशीर तक्रारीला ओवीत उत्तर देणाऱ्या पाद्र्याचे पुराण मात्र अजून वाचले जाते.